खोडाळ्याच्या आखूड, सूर्यमाळच्या लांब टाचण्या

जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी पीएच.डी.साठी टाचण्या घेतल्या. टाचणी म्हणजे चतुर या कीटकाची सडपातळ बहीण. बसली की पंख पाठीवर मिटून घेते. खोडाळ्याच्या ओहोळावरच्या आणि वर सूर्यमाळच्या झऱ्यावरच्या टाचण्या दिसायला अगदी सारख्या: काळं अंग, शेपटाला निळा ठिपका. कॅलिपर लावला तेव्हा मात्र सूर्यमाळच्या लांब निघाल्या. पोटही लांब, पंखही. दोन पावसाळे मोजून मी ठरवून टाकलं, या दोन जाती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही पटलं. खात्रीसाठी प्रत्येकीचा एक पाय अल्कोहोलच्या नळीत घालून डीएनए तपासायला पाठवला.

निकाल मी चार वेळा वाचला. लांब आणि आखूड, एकच जात. फक्त सूर्यमाळच्या तीन टाचण्या सगळ्यांहून वेगळ्या. वही काढून त्या तिघींची मापं पाहिली, तर झऱ्यावरच्या इतरांसारखीच.

"नळ्यांची अदलाबदल केली असशील," मॅडम फोनवर म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. खरं तर तेच असावं, असं वाटत होतं.

जाळी घेऊन पुन्हा सूर्यमाळला गेले. झऱ्यावर कपडे धुणाऱ्या बाईने मला ओळखलं.

"परत आलीस? मागं नेल्या त्या मेल्या का?"

"मेल्या. पण कोणत्या होत्या ते कळलं नाही."

"मग मारल्यास कशाला?"

या खेपेला पाय कापण्याआधी नंबर लिहिला, दोनदा पडताळला. निकाल पुन्हा तसाच.

मग सूक्ष्मदर्शकाखाली नरांच्या शेपटाचे चिमटे पाहत बसले; नर त्यांनी मादीला धरतो, आणि जातीगणिक त्यांचा आकार बदलतो. एके दिवशी डीएनए वेगळा निघालेल्या नरांचा चिमटा जास्त वाकडा वाटे. दुसऱ्या दिवशी तोच नर, तोच चिमटा, आणि फरक कुठे दिसला होता तेच सापडेना. मॅडमना दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "मलाही कळत नाहीये गं."

प्रबंधात त्या वेगळ्या टाचण्यांपुढे मी 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "म्हणजे जाती एक की दोन?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, तेही मला समजलं नाही. पदवी मात्र मिळाली.