आमच्या हॉटेलचे सोशल मीडिया मॅनेजर

आमच्या मेहुण्यांइतका मयताच्या बातमीचा लळा असलेला माणूस महाड-पोलादपुरात दुसरा नसेल, आणि नेमकी त्यांच्याच हाती मी माझ्या हॉटेलची जाहिरात दिली. दिली म्हणण्यापेक्षा, मला नाही म्हणता आलं नाही. कशेडी घाटाच्या पायथ्याशी जुन्या रस्त्यावर माझं मिसळीचं हॉटेल. घाट चढण्याआधी ट्रकवाले तिथं थांबायचेच. मग बोगदा झाला, गाड्या परस्पर जाऊ लागल्या आणि बाकांवर माश्यासुद्धा कंटाळून बसू लागल्या. पुण्याहून लेक म्हणाली, "बाबा, सोशल मीडिया मॅनेजर ठेवा. कुठं जेवायचं ते लोक आता मोबाइल बघून ठरवतात." महाडच्या एका तरुणानं त्या कामाचा पगार सांगितला, तेव्हा मी विषयच बदलला. मग बायको म्हणाली, "आमचा दादा बसलाय की घरी. जन्मभर जाहिरातच केलीय त्यानं."

खोटं नव्हतं ते. रिक्षाला भोंगा बांधून मेहुणे जन्मभर महाडात हिंडले. साड्यांचा सेल, कबड्डीचे सामने, उद्या पाणी येणार नाही, आणि मयत. आवाज असा खर्जातला, की सेलसुद्धा कुणीतरी गेल्यासारखा वाटायचा. घरातही ते प्रत्येक गोष्ट दोनदा जाहीर करत. "आंघोळीला जात आहे. आंघोळीला जात आहे." घरोघर मोबाइल आले आणि भोंगा माळ्यावर गेला, तेव्हापासून ते जरा पोकळ झाले होते. म्हणून बायकोचा शब्द मोडवला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मिसळीचा फोटो टाकला. त्याला दोन लाइक आले, त्यातला एक माझा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतली एक म्हातारी वारली. मेहुण्यांनी हॉटेलच्या पानावर तिचा फोटो टाकला, भोवती काळी चौकट, खाली 'शोकाकुल : समस्त मिसळ परिवार' आणि त्याखाली 'आमच्याकडे गरमागरम वडापावही मिळेल'. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्यानं हात जोडले होते.

"दादा, हे हॉटेलचं पान आहे हो," मी म्हणालो.

"भावजी, मिसळ बघून लोकं अंगठ्यानं वर सारतात. मयताला थांबतात. थांबली की खालचं नाव वाचतात. वाचलं की कधीतरी येतील."

लोक येत नव्हते, पण वाचत होते. आणि खरं सांगतो, मलाही त्याची चटक लागली. गल्ल्यावर बसून मी हात जोडलेल्यांची वाढती संख्या बघायचो. एखाद्या मोठ्या घरातलं कुणी गेलं की त्याखाली आपलं नाव झळकेल म्हणून मला क्षणभर बरं वाटायचं. मग स्वतःचीच शिसारी यायची आणि मी उगाच टेबलं पुसायचो.

मेहुणे कामात पुढचं बघणारे. हॉटेलात कुणी वयस्कर आलं की हळूच मोबाइल वर. "सरळ बघा. हसू नका. पुढं उपयोगी पडतो." त्यामुळे लग्नाकार्यात त्यांचा हात खिशाकडे गेला, की म्हाताऱ्यांची अख्खी रांग भिंतीकडे तोंड करायची. एकदा तर दवाखान्यात ठेवलेल्या एका आजोबांना त्यांनी ऐकीव बातमीवर चौकटीत बसवलं. आजोबा दुसऱ्या दिवशी काठी टेकत हॉटेलात हजर! "मेल्या, जिता हाय मी!" मेहुणे घाईघाईनं फोटो काढून टाकायला लागले. आजोबांनी चष्मा लावून खाली लोकांनी लिहिलेला मजकूर वाचला, आणि काठी बाजूला ठेवली. "थांब. राहू दे सांजपर्यंत. मुंबईच्या पोराचा फोन यायचाय अजून." फोन संध्याकाळी मेहुण्यांच्या मोबाइलवर आला. पोरगा तिकडे ढसढसा रडत होता, आणि आजोबा माझ्या बाकावर बसून, मोबाइल कानाला लावून, समाधानानं ऐकत होते.

पण गिऱ्हाईक काही आलं नाही. शेवटी मी हॉटेल बंद करायचं ठरवलं. मेहुण्यांना एवढंच म्हणालो, "दोन ओळी टाका. साध्या." त्यांनी मान हलवली. रात्री बघतो तर हॉटेलचा काळापांढरा फोटो, त्याला हार, आणि खाली 'दीर्घ आजाराने दुःखद निधन'. मी चिडलोसुद्धा नाही. चुकीचं त्यात काय होतं?

सकाळी शटर उघडलं तर वाडीवाडीची माणसं बाहेर उभी. आत येऊन ती गुपचूप बाकांवर बसली. बोगदा झाल्यापासून इतकी माणसं मी एकदम पाहिली नव्हती. मिसळ कुणी मागेना. मी चहाला स्टोव्ह पेटवायला गेलो, तर एका म्हातारीनं हात धरला. "आज चूल नको पेटवू रे." आणि बायांनी फडकी सोडली. पिठलं, भाकरी, कांदा. माणूस गेलेल्या घरी शेजारी आणतात तसं.

माझ्यापुढे ताट आलं. मेहुणे दाराशी अवघडून उभे होते, शिक्षेला बोलावल्यासारखे. मग जवळ येऊन, कधी नव्हे इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "भावजी, आलं ना गिऱ्हाईक?"

"आलं, दादा," मी म्हणालो. बाकावर जरा सरकलो आणि ताट आमच्या दोघांच्या मधोमध ठेवलं.