रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी

मे महिन्यात वसईच्या रस्त्याला बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी दिसली की माझं डोकं फिरतं. गाडीवाला कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो, ऊनच एवढं आहे. अहो, ऊन दरवर्षी असतं. होळी झाली की ते येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टायरची हवा दिवाळीत बघितलेली, बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढलेला, इंजिनाच्या पट्ट्याला चिरा पडलेल्या, आणि दोष उन्हाला. मी गावच्या पाण्यासाठी पत्रकं लिहिते, ती दारोदार वाटते, सभेत उभी राहून बोलते. त्यामुळे माणसांची ही खोड मला पुरती माहीत आहे. जे आधी बघता आलं असतं, त्याचं खापर निसर्गावर फोडायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या घरात ही खोड खुद्द बाबांना होती. आणि तिचं फळ भोगावं लागलं माझ्या आत्याला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्मली आमच्या गिरीजच्या घरात, दिली वटारला. तिच्या किडन्या गेल्या तेव्हापासून तिला दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. सेंटर वसई पूर्वेला, वालीवच्या अलीकडे. तिच्या घरी गाडी चालवणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून बाबांनी ते काम अंगावर घेतलं. म्हणजे गाडी चालवते मी, शेजारच्या सीटवर बसून सूचना देतात ते. गाडी जुनी, पेट्रोलवरची, पण धडधाकट. सेंटरमध्ये वेळ चुकली की आपलं मशीन दुसऱ्याला देतात आणि आपण बाकावर बसून राहायचं. त्यात त्यांची चूक नाही, बाहेर पेशंटची रांग असते. पण अंगात पाणी साचलं की आत्याला धाप लागते, आडवं होता येत नाही. तेव्हा गाडी वेळेवर पोचणं यापलीकडे त्या उन्हाळ्यात आमच्या घरात महत्त्वाचं काही नव्हतं.

बाबा गाडीची काळजी घेत नव्हते असं कुणी समजू नये. नारळाच्या सावलीत गाडी लावणारा माणूस वाडीतला नव्हेच, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे आणि त्याची गाडी हलवायला लावायचे. समोरच्या काचेवर केळीची सुकी सोपटं पसरायचे, त्यामुळे स्टिअरिंगला हात लावता यायचा. आत्याची औषधं तापलेल्या गाडीत ठेवू द्यायचे नाहीत. सगळं बरोबर. फक्त रेडिएटरमध्ये ते विहिरीचं पाणी घालायचे.

यावरून आमचं किती वेळा वाजलं असेल. कूलंट घाला, मी म्हणायचे. ते उकळायला वेळ घेतं, आतल्या लोखंडाला गंज चढू देत नाही. बाबांच्या मते कूलंट म्हणजे रंग टाकलेलं पाणी, शहरातल्या लोकांना विकायला काढलेलं. एकदा त्यांनी मला वाडीत नेऊन उभं केलं आणि घडाकडे बोट दाखवलं.

"ज्या पाण्यावर ही केळी होतात, त्याच्यावर गाडी चालणार नाही?"

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पट्ट्यात विहीर म्हणजे घराण्याचं नाव. टँकरांनी जमिनीतलं गोडं पाणी उपसून नेलं आणि त्याच्या जागी समुद्र आत सरकतोय, हे सभेत सगळे मान्य करतात. मुठी आवळून मान्य करतात. पण कुणाची विहीर खारट झाली असं विचारलं की जो तो शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघतो. त्यांची झाली, आमची नाही. आमची गोड. आपली विहीर खारट झाली म्हणणं म्हणजे घरातलं वाईट चव्हाट्यावर आणणं. बाबा माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसायचे, घोषणाही द्यायचे, आणि घरी येऊन त्याच विहिरीचा कॅन भरून डिकीत ठेवायचे. प्यायला आम्ही नळाचं पाणी वापरतो, तेव्हा विहिरीची चव कुणी घेतच नव्हतं. मी म्हणाले होते की चाखून तरी बघा. पण मी पत्रकवाली. गावाला माझं पटतं, घराला नाही.

एप्रिलपासून गाडी पाणी जास्त पिऊ लागली. बाबा रोज सकाळी रेडिएटरच्या टाकीत पाणी ओतायचे आणि म्हणायचे, ऊनच एवढं आहे. आत्याला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं, पेलाभर म्हणजे चैन. ती मागच्या सीटवर बर्फाचा खडा चघळत हे सगळं बघायची. एकदा म्हणाली, "तुझ्या गाडीची मजा आहे रे. तिला कुणी मोजून देत नाही."

व्हायचं ते वालीवच्या रस्त्यावर झालं. दुपारची वेळ, पुढे कंटेनर, बाजूला खणून ठेवलेला रस्ता, गाड्या मुंगीच्या पावलानं. टेम्परेचरचा काटा वर चढताना दिसला तशी मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. बाबा म्हणाले, वेड लागलंय का, बाईला भाजून काढतेस का. हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत खेचली जाते आणि इंजिनाला तेवढाच आराम मिळतो. हे मी त्यांना ओरडून सांगितलं, कारण ट्रकांच्या आवाजात दुसरं काही ऐकू जात नव्हतं. आत्या पदर तोंडावर घेऊन बसून राहिली. जागा मिळाली तशी गाडी एका वर्कशॉपच्या पत्र्याच्या सावलीत घेतली आणि बंद केली. बॉनेटखालून वाफ येत होती.

बाबा पंचा घेऊन उतरले ते थेट रेडिएटरचं झाकण उघडायला. मी त्यांचं मनगट धरलं. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसं मी बघितली आहेत. इंजिन थंड होईपर्यंत त्या झाकणाला हात लावायचा नाही, कितीही घाई असो. बाबा म्हणत होते, वेळ जातोय. जातच होता. दोघांचंही बरोबर होतं आणि उपयोग कुणाचाच नव्हता.

वर्कशॉपमधल्या एका बाईनं आत्याला बसायला स्टूल दिलं. आत्याचं तोंड कोरडं पडलं होतं. प्यायचं नव्हतं, नुसती चूळ भरायची होती. बाबांनी डिकीतला कॅन काढला. आपल्याच विहिरीचं आहे, म्हणाले. किती वर्षांनी माहेरच्या विहिरीचं पाणी तिच्या तोंडात जात होतं कोण जाणे. तिनं चूळ भरली, थुंकली, आणि ओंजळीकडे बघत राहिली.

"अरे, हे खारट आहे."

बाबा म्हणाले, प्लास्टिक तापलंय, त्याचा वास असेल.

"वास नाही म्हणत मी, मीठ म्हणतेय. ताटातलं मीठ सुटल्यापासून माझी जीभ दुसरं काही शोधतच नाही. आणि या विहिरीवर मी वाढलेय, तिची चव तू मला सांगणार?"

मी मध्ये पडले नाही, कारण रिक्षा शोधत होते. मिळाली तेव्हा मी गाडीपाशी थांबते म्हणाले, तरी बाबा निघायला तयार होईनात. पोरीला एकटीला कसं सोडू, गाडी अशी कशी टाकू.

"गाडी उद्या दुरुस्त होईल," आत्या म्हणाली. "मला आज जायचंय. चल, बस."

पोचायला उशीर झाला. तिचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. मग बाकावर बसणं आलं. बाबांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, की तिला धाप लागली तशी ती त्यांच्या खांद्याला टेकली आणि त्यांना तिचा श्वास मोजण्यापलीकडे काही करता येईना. मशीन मोकळं झालं, तिला घेतलं, ती सावरली. घरी आली तेव्हा रागावण्याइतकी ताकद तिच्यात होती, म्हणजे बरी होती.

गॅरेजमध्ये रेडिएटर उघडला तेव्हा बाबा तिथेच उभे होते. आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या क्षाराच्या खपल्यांनी आणि गंजानं निम्म्याशिम्म्या बुजल्या होत्या. बाबांनी नखानं एक खपली खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"काका, ते खायचं नसतं," मेकॅनिक म्हणाला.

बाबांनी मान हलवली. नवा रेडिएटर बसवा म्हणाले. पट्टा आणि नळ्या बदला, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरा, हेही त्यांनीच सांगितलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

त्यानंतरच्या सभेत मी नेहमीचा प्रश्न विचारला. नेहमीप्रमाणे सगळे कुंपणापलीकडे बघू लागले. बाबा उठले.

"आमची विहीर खारट झालीय."

मागून एकानं टोमणा मारला, काका, परवापर्यंत तर गोड होती तुमची. बाबा म्हणाले, परवापर्यंत मी चाखली नव्हती, आणि त्या हट्टापायी माझी बहीण बाकावर धापा टाकत बसली. तुमच्या घरात कुणाला बसवायचं असेल तर तुम्हीही गोड म्हणत राहा. मग टोमणा मारणाराच उठला आणि आपल्या विहिरीचं सांगू लागला, आणि त्याच्यामागून एकेक हात वर येऊ लागले. टँकरांविरुद्धच्या आमच्या तक्रारीला पहिल्यांदा घराघरांच्या विहिरींचा आधार मिळाला. आता ती दाबणं सोपं नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

आता बाबा सकाळी इंजिन थंड असताना टाकीतली कूलंटची रेष बघतात. टायरची हवाही तेव्हाच, टायर तापायच्या आधी, आणि स्टेपनीचीसुद्धा. बॅटरीची टोकं पुसतात. चहा होईपर्यंत सगळं उरकतं. ज्यांना एवढं करायला वेळ नाही, त्यांनी मे महिन्यात मला उन्हाच्या गोष्टी सांगू नयेत.

परवा आम्ही इतके लवकर पोचलो की सेंटरचं दार उघडलेलं नव्हतं. आत्या गाडीतच बसली आणि वैतागून म्हणाली, माझी झोपमोड करून इथे राखणीला आणलंय का मला. बाबा हसले नाहीत. दार उघडेपर्यंत बाहेर उभे राहिले आणि तिला सगळ्यांच्या आधी आत घेऊन गेले.