विषय : बदलीबाबत

मला अर्ज चांगला लिहिता येतो, हा माझा जुना गैरसमज. माढा तालुक्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि सोलापूरजवळ बदली मिळावी म्हणून दरवर्षी अर्ज करत होते. सात वर्षं, सात अर्ज, सगळे एकाच साच्यातले. आई वृद्ध आहे, सोलापुरात शुक्रवार पेठेत एकटी राहते, तिला बघणारं कोणी नाही, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा. शाळेतल्या बाकीच्या बाई माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायच्या. अक्षर मोत्यासारखं ना माझं! नुसत्या अक्षरानं बदली होत नसते हे सात वर्षांत डोक्यात शिरलं नाही, एवढी मी हुशार.

त्या साली धाकट्या भावाचं विमानाचं पत्र आलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला जो उठला तो आखातात निघाला होता, तसा हाही ट्रक चालवायला गेला होता. कंपनीच्या गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं चोरीला गेली आणि किल्ली याच्याकडे. त्यानं लिहिलं होतं :

"अक्का, पोलिसांनी अरबी कागदावर सही घेतली. मला वाटलं, सोडाय लागलेत म्हणून घेत्यात. तो गुन्हा कबूल केल्याचा कागद हुता. चार वर्षं ठोकली. मी चोरी केली न्हाय, आईची शप्पत. हितं वकील न्हाय, बोली कळत न्हाय. आपल्या वकिलातीचा मानूस येऊन गेला. म्हनला, दोन महिन्यांत अपील करता येतंय, घरच्यांनी सरकारकडनं लिहून आनलं तर वकील देतो. एकजन म्हनतोय, सरकार बोललं तर आपल्याकडच्या तुरुंगात बी धाडत्यात. काय बी कर, पर लवकर कर."

त्या दोन महिन्यांतले तीन आठवडे पत्र पोचायलाच गेले होते.

कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांना मी ते पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "परदेशातलं प्रकरण आहे. आमच्या हातात काही नाही. कलेक्टर कचेरीत अर्ज द्या, ते मुंबईला पाठवतील, मुंबईवाले दिल्लीला." एवढं सांगायला चष्मा कशाला पुसावा लागतो, देव जाणे.

आईपासून लपवून ठेवणं मला जमलं नाही. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुरुंगातच ठिवायचा आसंल तर हितं ठिवा म्हनावं. हितल्या तुरुंगात डबा तरी पोचवीन की मी." आणि उठून तिनं फळीवरचा तीन पुडाचा पितळी डबा काढला, त्याला नवीन कल्हई करून आणली आणि तो पुसून चुलीशेजारी ठेवला.

मी मधल्या सुट्टीत अर्ज लिहायला बसले. सात वर्षांची सवय! हात आपोआप चालला. वर लिहिलं, विषय : बदलीबाबत. मग, माझा भाऊ परदेशात तुरुंगात असून त्याला अपिलासाठी वकील मिळावा व त्याची बदली सोलापूर येथील तुरुंगात व्हावी. आई वृद्ध आहे, बघणारं कोणी नाही, सहानुभूतीपूर्वक वगैरे वगैरे. खाली सही, हुद्दा प्राथमिक शिक्षिका, शाळेचा पत्ता. कैद्याची बदली! जसा काही माझा भाऊ तिथं गुरुजी होता आणि त्याला तिथलं पाणी मानवत नव्हतं.

कचेरीतला कारकून टाचणीनं कान कोरत होता. त्यानं विषय वाचला, हुद्दा वाचला. मधलं त्यानं वाचलंच नाही, कारण मधलं वाचायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शिक्का मारून म्हणाला, "झालं. जाईल पुढं."

दर आठवड्याला अर्धी रजा टाकून मी एसटीनं यायची.

"भाऊसाहेब, अर्जाचं काय झालं?"

"पाठवलाय की, बाई."

"कुठं?"

"संबंधित विभागाकडं."

मला वाटायचं, दिल्ली. भावाला लिहून टाकलं, तुझ्या बदलीचा अर्ज पुढं गेला आहे, धीर धर. बदली हा शब्द त्याच्या तोंडी मीच घातला.

दोन महिने उलटले. त्याचं पत्र आलं, "अक्का, अपिलाची मुदत संपली. कुनी आलं न्हाय."

आणि मे महिन्यात आमच्या हेडमास्तरांनी हसत हसत माझ्या हातात लखोटा दिला. कलेक्टर कचेरीकडून वर्ग होऊन आलेल्या आपल्या अर्जास अनुसरून, आपल्यावरील कौटुंबिक आपत्ती विचारात घेता, विशेष बाब म्हणून आपली बदली सोलापूरलगतच्या शाळेत करण्यात येत आहे. म्हणजे कुणीतरी मधलं वाचलं होतं! भाऊ तुरुंगात आहे हे वाचून त्या भल्या माणसाला दया आली होती, आणि ती माझी आली होती.

तणतणत मी कचेरी गाठली. "अहो, अर्ज भावासाठी होता! त्याची मुदत गेली!"

"मग बदली कशाला लिहिलंत? बदली कर्मचाऱ्याची होते. कैद्याची होती व्हय कुठं?" टाचणी तशीच त्याच्या बोटात होती. "काम झालं ना तुमचं? लोक सात-सात वर्षं थांबतात, बाई. पेढे कुठायत?"

सात वर्षं थांबलेली मीच होते. ती ऑर्डर त्याच्या थोबाडावर फेकायची असं मी वाटभर घोकत आले होते. नाही फेकली. घडी घालून पर्समध्ये ठेवली. त्या माणसाला मी आजवर शिव्या देत आले; पण त्यानं निदान भावाच्या अर्जावर स्वतःची बदली घेतली नव्हती.

मग दुसरा अर्ज केला, नीट शब्दांत. त्याला उत्तर आलं, अपिलाची मुदत संपली आहे, आणि कैदी इकडे आणण्याचा त्या देशाशी करार नाही. चार वर्षं पुरी भोगूनच तो घरी आला.

पण हे सगळं पुढचं. जूनमध्ये मी नव्या शाळेत निमूट हजर झाले होते आणि आईजवळ राहायला लागले होते. एका सकाळी शाळेला निघताना त्याचं पत्र आलं. आई चुलीपाशी होती.

"काय म्हनतोय?"

"विचारतोय, बदलीचं काय झालं."

आईनं पोळी उलटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लिव्ह की, झाली म्हनून."

मग तिनं चुलीशेजारचा तो कल्हईचा डबा ओढला, भरला आणि माझ्या पुढ्यात सरकवला.

"घे. शाळंला उशीर हुतोय तुला."