अण्णांचा रुमाल आणि वस्तादांचा प्रश्न

त्या वर्षी अण्णांचा उजवा हात कानापर्यंत पोचेनासा झाला. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं, त्यामुळे घरच्या मराठीत कानडी बरंच मुरलेलं होतं. हाताचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत सरकवायचे, जानवं कानाला अडकवायचं तर हात वर न्यायच्या ऐवजी मान खाली आणायचे, आणि आईने विचारलं की थंडीने आखडल्यासारखं झालंय म्हणायचे. थंडी गेली, उन्हाळा आला, तरी हेच. शेवटी बिंग फुटलं ते रुमालामुळे.

हा रुमाल खिशातला नव्हे, डोक्याला बांधायचा. पांढरा, जरीच्या काठाचा, आमच्या बसवनगुडीच्या घरात ओसरीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचेल एवढा लांब. पन्नास-साठच्या त्या काळात जुन्या वळणाची माणसं अजून तो बांधून कचेरीत जायची. अण्णा ओसरीवर आरशासमोर उभे राहायचे आणि दुसरं टोक ताणून धरून मी स्वयंपाकघराच्या दारात. ते वेढे घेत, कापड कमी होत जाई, तशी मी पुढे पुढे सरकत असे. शेवटचा वेढा येईपर्यंत मी त्यांच्या खांद्याशी पोचलेली असे. मग ते माझ्याकडे न बघता हातातलं टोक हिसकन ओढून घेत आणि खोचून टाकत. एवढ्या वेळात आम्ही एक शब्दही बोलत नसू. पण हे काम माझं होतं. एकदा सुट्टीत आलेल्या मावसबहिणीने हौसेने टोक धरलं, तर मी दिवसभर तिच्याशी अबोला धरला होता.

हात वर जाईना तेव्हा अण्णांनी पेठेतून आयती पगडी आणली. आत पोकळ साचा, वरून शिवलेलं कापड, टोपीसारखी उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. आई म्हणाली, छान दिसते. अण्णांनी ती काढून खुंटीला लावली आणि हे टोपलं आहे असा निकाल दिला. कचेरीत ते टोपलं चालवून घेतलं, पण माझं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. त्याबद्दल त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "टोपलं घालून मी व्याह्यांना सामोरा जाणार नाही. रुमाल बांधीन, नाहीतर बोडक्या डोक्याने उभा राहीन."

आईने बोडक्या डोक्याचा धसका घेतला. मला व्याह्यांचं काही नव्हतं. सासरी जायच्या आधी एकदा तरी ते टोक माझ्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

डॉक्टरांचं मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. मग शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, चामराजपेटेतल्या वस्तादांकडे जा. हे वस्ताद गरडी चालवायचे, गरडी म्हणजे तालीम. सकाळी पोरांना कुस्ती शिकवायची आणि उरलेल्या वेळात गावाचे आखडलेले सांधे सोडवायचे. मास्तरांचा निसटलेला घोटा त्यांनीच बसवला होता. पण मास्तरांनी बजावूनही ठेवलं. वस्ताद फार कावेबाज. ते तुम्हाला 'ऊटा आयता?' म्हणून विचारतात, जेवण झालं का. आपण भाबडेपणाने 'हो झालं' म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात काडकन झटका. तेव्हा काही झालं तरी उत्तर द्यायचं नाही.

आता गंमत अशी की 'ऊटा आयता?' हा बंगळुरात प्रश्नच नव्हे, नमस्कारासारखा. दूधवाला विचारतो, वाणी विचारतो, रस्त्यात भेटलेला ओळखीचा माणूस संध्याकाळी चार वाजताही विचारतो. शिवाय अण्णा सरकारी नोकर. विचारलेल्याला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून त्यांनी घरीच सराव सुरू केला. आई विचारी, भाजी कसली करू, आणि अण्णा भिंतीकडे बघत गप्प. हा सराव आईला मुळीच मानवला नाही, आणि तिने त्यांना लागोपाठ पडवळ खायला घातलं.

आईची काळजी वेगळीच होती. वस्ताद हाडावर अंड्याचा लेप लावतात असं तिच्या कानावर आलं होतं. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी ती चूळ भरायची. तेव्हा अंडं बाहेर दिसताच अण्णांना परत आणायचं, या कामगिरीवर माझी नेमणूक झाली. आणि ताकद लागेल म्हणून रविवारी सकाळी तिने अण्णांना हुळी-भात, म्हणजे चिंचेचं आंबट वरण आणि भात, वर तूप आणि दोन वेळा पायसम असं गच्च जेवू घालून पाठवलं. घोड्याच्या जटक्यात बसताना ते पोटावर हात ठेवून बसले होते.

गरडीच्या आत बायकांना जायला बंदी होती. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसले. दार उघडंच होतं. तांबड्या मातीचा हौद, मारुतीची तसबीर, आणि तिळाच्या तेलात कापूर कढवल्याचा वास. वस्ताद चांगले दणदणीत होते, आणि स्वतःची तारीफ दुसऱ्यावर सोपवणाऱ्यांतले नव्हते. आपण कोणकोणत्या रावबहादुरांच्या पाठी सरळ केल्या ते सांगत त्यांनी अण्णांना चटईवर पाय पसरून बसवलं. दुखऱ्या खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी पायाचे अंगठे दाबले, मग पिंढऱ्या, मग चांगला हात. अण्णांचे डोळे इतके मोठे झाले होते की मला हसू आवरेना.

मग वस्तादांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ऊटा आयता?"

अण्णा गप्प. वस्तादांनी पुन्हा विचारलं. अण्णांनी ओठ घट्ट मिटून मारुतीकडे नजर लावली. तिसऱ्यांदा विचारल्यावर वस्ताद उठून उभे राहिले. माणसाला जेवलास का म्हणून विचारावं आणि त्याने तोंड फिरवावं, असं आपल्या गरडीत आजवर कोणी केलं नाही, म्हणाले. मग माझ्याकडे वळून, यांना ऐकू येत नाही का, असंही विचारलं. मला राहवलं नाही. मास्तरांनी काय बजावलं होतं ते मी कट्ट्यावरूनच सगळं सांगून टाकलं.

वस्ताद एवढे हसले की मातीत लढणारी पोरं थांबून बघायला लागली. निसटलेला घोटा झटक्यानेच बसतो, म्हणाले, पण आखडलेल्या खांद्याला झटका दिला तर तो आणखी रुसून बसेल, त्याला गोडीगुलाबीनेच वळवायचं. आणि जेवणाचं विचारलं ते भरल्या पोटी तेल लावत नाहीत म्हणून. तेव्हा अण्णांनी अखेर तोंड उघडलं, आणि कचेरीत खुलासा द्यावा तसं हुळी, भात, तूप, पायसम सगळं सांगितलं. पायसम ऐकताच वस्तादांनी कढई खाली उतरवली आणि पुढच्या खेपेला उपाशी या, असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. पहिल्या दिवशी तेलाचा थेंबही लागला नाही.

पुढच्या खेपांना मात्र तेल लागलं. वस्ताद अंगठ्याने खांद्याभोवती हळूहळू फिरत राहायचे, आणि मधेच एखादी जागा सापडली की तिथेच मुक्काम ठोकायचे. दुखलं तर ओरडा, असं त्यांनी सांगितलं होतं. अण्णांना ओरडायची सवय नव्हती, ते नुसते घोगऱ्या आवाजात 'राम राम' म्हणायचे. अंड्याचं मी पहिल्याच खेपेला विचारून घेतलं. लेप लावायला हाड मोडलंय कुठे, अंडं असलंच तर ते मी खाईन, वस्ताद म्हणाले. आणि एकदा बगलेपाशी अंगठा पोचला तेव्हा आतून कोणीतरी खिदळल्याचा आवाज आला. पोरांपैकी कोणी असेल म्हणून मी वाकून बघितलं, तर ते अण्णा होते. माझ्या वडिलांना गुदगुल्या होतात हे मला विशीत कळलं. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मला माहीत आहे, आणि लाजून आत गेली.

घरी एक काम दिलेलं होतं. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, जमेल तितकी वर. अण्णांची बोटं तेलकट असत. ओसरीच्या चुन्याच्या भिंतीवर डागांची एक रांग वर वर जाऊ लागली. लग्नासाठी भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, म्हणून आई आधी चिडली. मग तीच रोज संध्याकाळी आजचा डाग कुठवर गेला ते बघायला यायला लागली. मीही बघत होते. डाग माझ्या खांद्याला आले, कपाळाला आले, आणि तिथेच थांबले. आठवडा गेला तरी पुढे सरकेनात. वस्ताद म्हणाले, हा खांदा आता असाच स्वल्प स्वल्प सुटेल, घाई केली तर बिघडेल. लग्न तोंडावर आलेलं. अण्णांनी खुंटीवरचं टोपलं काढून झटकलं आणि पुन्हा ठेवलं, एवढंच मी बघितलं. मला फार वाईट वाटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी छत्रात, म्हणजे कार्यालयात, मला नाहू घालून पिवळी साडी नेसवली आणि गौरीहराची तयारी होईपर्यंत एका खोलीत बसवलं. व्याही दारात येऊन ठेपल्याची गडबड चालली होती. तेवढ्यात अण्णा आत आले. डोकं मोकळंच होतं, काखेत रुमालाची घडी. त्यांनी ती उलगडली आणि टोक माझ्यापुढे धरलं. मावशी म्हणाली, नवरी मुलीने आता उठायचं नसतं. अण्णांनी तिला काही उत्तर दिलं नाही, तो सराव त्यांना झालेलाच होता.

मी टोक घेऊन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेले. अण्णांचा हात कानापर्यंत गेला, त्याच्या वर जाईना. मग त्यांनी डोकंच खाली आणलं. मान तिरकी करून, हाताला पोचेल तेवढं वाकून, सावकाश एकेक वेढा घेतला. रुमाल कलता बसत होता, पण बसत होता. मी पुढे पुढे येत होते, आणि कापड संपू नये असं मला वाटत होतं. शेवटी मी त्यांच्या खांद्याशी पोचले. टोक मी नेहमीपेक्षा घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण रुमाल बांधताना कधीही न बोलणारे अण्णा या वेळी बोलले.

"ऊटा आयता?"

नवरी मुलगी सकाळपासून उपाशी असते हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे मलाही माहीत होतं. तरी मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातातलं टोक हिसकन ओढून घेतलं, खोचलं, आणि माझ्याकडे न बघता व्याह्यांना सामोरे गेले.