सुतकातल्या बरण्या

दारव्ह्याच्या बाजारामागं देवीलाल कातारी राहायचा. पोळपाट, लाटणी, खाटेचे पाय असलं सगळं तो दोरीच्या खरादीवर कातायचा. दोर ओढायची त्याची बायको रुपीबाई. भिंतीला पाय रोवून ती दोर मागंपुढं ओढी, लाकूड गरगर फिरे आणि देवीलाल त्याला हत्यार लावी. वर्षानुवर्षं दोघं समोरासमोर बसत. मधे लाकूड फिरत असायचं, त्यामुळं बोलणं फारसं होत नसे.

त्याला नाद होता मिठाच्या लाकडी बरण्यांचा. पोट फुगीर, तोंड अरुंद, आतून पोकळ. पण ओल्या लाकडाची बरणी वाळताना तडकायची. बाहेरचं अंग वाऱ्यानं आधी आक्रसे, आतलं ओलंच राही, आणि त्या ओढाताणीत लाकूड उभं फाटे. त्यानं खोडाचा गाभा टाकून पाहिला, बुडाला शेण लिंपून पाहिलं. सत्तावन्न साली त्यानं हात टेकले. तेव्हा रुपीबाई म्हणाली, "आता एक मले वाळवू द्या." तिनं जाड कातलेल्या बरणीत, ती कातताना निघालेला ओला कीस भरला, वरून गोणपाट गुंडाळलं आणि बरणी माजघराच्या थंड कोपऱ्यात ठेवली. रोज थोडा ओला कीस काढायचा, थोडा कोरडा घालायचा. पावसाळा सरल्यावर बरणी अखंड निघाली. मग देवीलालनं ती पुन्हा खरादीवर चढवून पातळ केली. तेव्हापासून कातणं त्याचं आणि वाळवणं तिचं. त्या कोपऱ्यात त्यानं कधी डोकावलं नाही.

एकसष्टचा शिमगा झाला आणि रुपीबाईच्या माहेराहून, नेरकडून, शिवणीचं एक खोड बैलगाडीनं आलं. त्याच्या दोन बरण्या झाल्या. एवढ्या मोठ्या त्यानं आधी कधी कातल्या नव्हत्या. दुसरी उतरवताच रुपीबाईच्या हातून दोर सुटला. "डोस्कं गरगरून राह्यलं," म्हणाली आणि भिंतीला टेकली. दिवे लागायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी ओसरी माणसांनी भरली. नेरहून रुपीबाईचा मोठा भाऊ खेमसिंग आला. लोक येत, बसत आणि देवीलालकडं बघत. त्याला रडू येत नव्हतं. छातीत काही नव्हतं, गवत कापून नेलेल्या जागेसारखं. बरण्या मात्र दिसत होत्या. खरादीजवळ, कालपासून तशाच उघड्या. कोरडा वारा थेट त्यांच्यावर येत होता.

"दादा," तो खेमसिंगला म्हणाला, "सुतकात हत्यार चालत नाही. पण बरणी काही हत्यार नोहे."

"बायको जाऊन दिवस नाही झाला अन् याले बरण्या सुचून राह्यल्या!" खेमसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दहाव्यापर्यंत कामाले हात लावशील तं मी ह्या घरचं पाणी पिणार नाही."

थोड्या वेळानं खरादीकडून आवाज आला. टच्.

"पाल चुकचुकली," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला.

देवीलाल उठून उभा राहिला. खेमसिंगनं त्याचा हात धरला. तो पुन्हा बसला.

शेजारची मैनाबाई कुणब्याची. चहाची किटली घेऊन ती दारात उभी होती. किटली खाली ठेवून ती सरळ खरादीजवळ गेली.

"केसाएवढी चीर हाय, भाऊ. तोंडापाशी. दुसरी चांगली हाय."

"तुमी काहून मधात पडता, बाई?" खेमसिंग म्हणाला.

"सुतक तुमाले. मले कायचं? रुपीच्या माहेरचं लाकूड हाय ते. सांगा भाऊ, काय करू? अन् फुटली तं माह्या नावानं बोंबलू नका."

"कीस भरा," देवीलाल बसल्या जागेवरून म्हणाला. "ओला. खाली पडला हाय तोच. दाबू नका."

ती ओंजळीनं भरत गेली. त्यानं गोणपाट कुठं आहे ते सांगितलं. तिनं दोन्ही बरण्या गुंडाळल्या, एकेक उचलून माजघरात नेली. आतून तिचा आवाज आला.

"तोंड बांधायचं का उघडं ठेवायचं?"

देवीलालनं तोंड उघडलं. बांधलं तर आत बुरशी चढेल, उघडं ठेवलं तर वरून सुकत येईल. रुपीबाई काय करायची? तो माजघराकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "रुपी—"

ओसरीवरच्या बायकांनी एकदम गळा काढला. खेमसिंग त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "रड, बापा, रड. मोकळा हो." म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

देवीलालचे डोळे कोरडे होते. तो उत्तराची वाट पाहत होता.

मैनाबाई सुतळी हातात घेऊन दारात आली. "भाऊ, काय करू?"

"मले माईत नाही," तो म्हणाला.

मग आत जाऊन तिनं एक बरणी बांधली आणि एक उघडी ठेवली.