विचारून वापरलेली वाट

आमच्या गच्चीवर अजून लोखंडी सळया उभ्या आहेत. वर खोली बांधता यावी म्हणून आधीच्या मालकाने त्या सोडलेल्या होत्या. आता त्या गंजल्यात, आणि आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. ती खोली माझ्या अभ्यासासाठी होणार होती. ती का झाली नाही, ते लिहून बघते. नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, कारण यात कुणी फार वाईट वागलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

पप्पा हवाई दलात विमानांच्या देखभालीचं काम करायचे. आम्ही मूळचे जत तालुक्यातले, पण माझं सगळं लहानपण क्वार्टरांमध्ये गेलं. क्वार्टरचं दार, नळ, समोरचा रस्ता, रस्त्याकडेच्या चुना लावलेल्या विटा, सगळं सरकारी. आपलं असं काही नसल्यामुळे घरात एकच शिस्त होती, ती म्हणजे विचारून जायचं. शेजारच्यांच्या अंगणातून बॉल आणायचा तरी आधी हाक मारायची. एकदा मी न विचारता गेले तर आईने मला परत पाठवलं होतं, बॉल तिथेच ठेवून, विचारून पुन्हा आणायला.

शेवटची बदली लखनौला होती. निवृत्तीनंतर गावाकडे जाऊन करायचं काय, असं पप्पांना वाटलं. माझं कॉलेज इथेच सुरू झालं होतं. मग शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, त्यांनी हे घर घेतलं. मागच्या बाजूचं, म्हणून आमच्या आवाक्यातलं. घरापर्यंत यायला एक कच्ची वाट होती. वाळूची ट्रॉली सहज येईल एवढी रुंद. एका बाजूला मटाराचं शेत, दुसऱ्या बाजूला चाचाजींचं घर. चाचाजी म्हणजे आमचे शेजारी. बहुतेक वेळ वाटेच्या तोंडाशी खाट टाकून बसलेले असायचे.

आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. खरेदीखतात घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं. पूर्वेला लिहिलं होतं, ‘रास्ता’. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"आम रास्ता, म्हणजे सगळ्यांचा, की नुसताच रास्ता?" पप्पांनी विचारलं.

"नुसताच. रास्ता ही लिखा है."

"मग झालं तर," आई म्हणाली. "रस्ता आहे म्हणून लिहिलाय ना."

विकणाऱ्यानेही हसून सांगितलं होतं, "अरे फौजी साहब, रास्ता तो सबका होता है." पप्पा एअर फोर्सचे, पण इकडे वर्दी घातलेला प्रत्येक माणूस फौजीच.

राहायला आलो त्या दिवशी सामानाचा ट्रक वाटेच्या तोंडाशी थांबवून पप्पा आधी चालत गेले. चाचाजींना हात जोडून म्हणाले, "चाचाजी, गाड़ी अंदर ले लें?"

"अरे लीजिए, लीजिए! पूछने की क्या बात है?"

मग ते रोजचंच झालं. सकाळी पप्पा स्कूटर काढताना विचारणार, "चाचाजी, निकाल लूँ?" आणि चाचाजी खाटेवरून हात हलवणार, "निकालिए, निकालिए." आई भाजी आणायला जातानासुद्धा तिच्या तोडक्या हिंदीत म्हणायची, "भाईसाब, जरा जाती हूँ इधर से." ते हसायचे. "भाभीजी, आप तो ऐसे पूछती हैं जैसे पासपोर्ट लगेगा." आई त्यांना शेंगदाण्याची चटणी द्यायची, त्यांच्याकडून टोपलीभर मटार यायचे. मला ते बिटिया म्हणायचे. मीही कॉलेजातून येताना "नमस्ते, आ जाऊँ?" म्हणत यायची. आम्हाला वाटायचं, शेजार चांगला मिळाला.

वरच्या खोलीसाठी विटा सांगायचं ठरलं, त्याच सुमाराला चाचाजींचा मुलगा बाहेरगावची नोकरी सोडून परत आला. त्याला घरापुढे दुकानाचे गाळे काढायचे होते. त्यासाठी त्याने जमीन मोजायला लेखपाल बोलावला. लेखपाल म्हणजे आपल्याकडचा तलाठी. तो नकाशा घेऊन आला, टेप ताणली, खुंट्या मारल्या. आमची वाट सगळीच्या सगळी चाचाजींच्या जमिनीत निघाली. नकाशात तिथे रस्ता नव्हताच.

पप्पा गोंधळले. खरेदीखत दाखवत म्हणाले, "पर इसमें रास्ता लिखा है."

लेखपालाने कागदाकडे बघितलंही नाही. "लिखने वाले ने लिख दिया. ज़मीन तो इनकी है. आप लोग निकलते कैसे हैं यहाँ से? किस हक़ से?"

चाचाजी शांतपणे म्हणाले, "इन्हीं से पूछ लीजिए. फौजी आदमी हैं, झूठ नहीं बोलेंगे."

पप्पा सरळ उभे राहिले. त्यांना बहुतेक वाटलं, आपण चांगले शेजारी आहोत हे सांगायची हीच वेळ आहे. ते म्हणाले, "जी, हम तो हमेशा चाचाजी से पूछकर ही निकलते हैं. एक दिन भी बिना पूछे नहीं गए."

"बस," म्हणून लेखपालाने ते लिहून घेतलं. चाचाजींनी मान हलवली. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल.

त्याच आठवड्यात तारेचं कुंपण झालं, मग विटांचे खांब उभे राहिले. मध्ये चालत जाण्याएवढी फट सोडली. हँडल वाकडं केलं की स्कूटर जेमतेम जाते. विटांची ट्रॉली मोठ्या रस्त्यावरून परत गेली. गॅसवाला सिलिंडर कोपऱ्यावर ठेवून हाक मारायला लागला.

पप्पांनी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "रास्ता था, तभी तो आप घर देखने आए थे." पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं.

तहसिलीत पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या एका वकिलाकडे मी पप्पांबरोबर गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"पूछ के निकलते थे? रोज़?"

"जी."

"किसने कहा था पूछने को?"

वकील माझ्याकडे वळला. "देखो बेटा, बिना पूछे बरसों निकलते रहो, कोई रोके नहीं, तो रास्ते पर हक़ बनता है. पूछ के निकले, तो वो उनकी मेहरबानी हुई. मेहरबानी कभी भी बंद हो सकती है."

मी चाचरत म्हटलं, "पर घर तक जाने का दूसरा रास्ता नहीं है."

"पैदल का छोड़ा है ना? घर में बंद तो नहीं किया." मग त्याला आमची कीव आली असावी. त्याने एक जबाब टाइप करून दिला. त्यात लिहिलं होतं की आम्ही, आणि आमच्या आधीचा मालक, कुणालाही न विचारता हक्काने ही वाट वापरत आलो. "इस पर दस्तख़त कर दीजिए. लेखपाल वाली बात को हम कहेंगे, ग़लत लिख ली. चांस कम है, पर है."

पप्पांनी मला तो वाचायला लावला, मग पुन्हा एकदा. ‘बिना किसी से पूछे’ या शब्दांशी मी थांबले. पप्पा वकिलाला म्हणाले, "घर से करके लाता हूँ."

घरी आईने जेवायला वाढता वाढता सगळं ऐकलं.

"खोटं बोला असं मी नाही म्हणत," ती म्हणाली. "पण त्या दिवशी इतकं खरं कशाला बोललात?"

"विचारलं तेवढं सांगितलं."

"जास्तीचं सांगितलंत. एक दिवस पण नाही, म्हणे. मेडल देणार होता का तो?"

पप्पा हसले नाहीत. "तूच पोरीला शिकवलंस ना विचारून जायला?"

"क्वार्टरमध्ये शिकवलं. तिथे कुणाचंच काही नव्हतं," आई म्हणाली आणि भाताचं पातेलं आत घेऊन गेली.

सही सकाळी करायची ठरली. सकाळी पप्पांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, तहसिलीत जाऊन वकिलासमोरच सही करतो म्हणाले, आणि स्कूटर काढली. मी मागे बसायला म्हणून चालत येत होते. फटीपाशी त्यांनी हँडल वाकडं केलं. खाटेवर चाचाजी होते, खांबाला टेकून त्यांचा मुलगा चहा पीत होता. पप्पा थांबले. मला वाटलं, स्कूटर अडकली.

"चाचाजी, निकाल लूँ?"

चाचाजींनी हात हलवला. मुलगा कपात बघून हसला. पप्पांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा हात खिशावर गेला, जणू आतला कागद कुणी वाचेल. ते तसेच स्कूटर मागे घेऊन घरी आले. हेल्मेट काढून पलंगावर बसले आणि म्हणाले, "कसं लिहून देऊ गं? तोंडातून निघतंच ते." आईने त्यांना पाणी दिलं. त्या कागदाबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही. मीही नाही. खोली माझी होती, म्हणून मला बोलणं बरं वाटलं नाही.

मग घर विकून बघायचं ठरलं. माणसं येतात, मोठ्या रस्त्यावर गाडी लावून चालत येतात. घर त्यांना आवडतं. आईच्या हातचा चहा घेतात. जाताना फटीपाशी उभे राहून विचारतात, "गाड़ी कहाँ से आएगी?" आणि परत येत नाहीत. पप्पा आता दाखवताना आधीच सांगून टाकतात, म्हणजे चहाही वाया जात नाही, असं आई म्हणते.

चाचाजी तसेच आहेत. मटाराच्या दिवसांत टोपली येतेच. परवा ते पप्पांना म्हणाले, "फौजी साहब, लड़का नहीं मानता, मैं क्या करूँ. पर आप लोग आइए, जाइए, रात-बिरात, कौन रोकेगा?" ते खरंच मनापासून म्हणत होते.

काल कॉलेजातून येताना मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. त्याने आता काही होणार नाही, हे मला कळतं. तरी एकदा तरी न विचारता आपल्या घरी जाऊन बघावं असं वाटलं. शेअर रिक्षातून उतरले, चालत फटीपाशी आले. नमस्तेही म्हटलं नाही. मान खाली घालून, बॅग पोटाशी धरून आत शिरले. दोन्ही खांबांच्या मध्ये होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, नेहमीसारखा प्रेमळ.

"आ जाओ बिटिया, आ जाओ."