सिनेमा उतरवल्याच्या नोटिसा

रत्नागिरीच्या कोर्टात वीस वर्षं वकिली केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. अशिलाने चपला काढायच्या आधीच ते दारातून आत शिरतात! पण एकाच नोटिशीतून इतके किस्से निघालेले मी त्या वर्षीच पाहिले. मुंबईचा एक वकील आमच्याकडे घरोघरी नोटिसा धाडत होता : तुमच्या इंटरनेटवरून आमच्या अशिलाचा सिनेमा चोरून डाऊनलोड झालाय, सात दिवसांत पंचवीस हजार भरा, नाहीतर कोर्ट. आणि सिनेमाचं नाव असं, की घरात मोठ्याने वाचायची सोय नाही. खरी मेख तीच! लाजेपोटी लोक गुपचूप पैसे भरत होते.

*

पहिले आले राजापूरचे कांबळे गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. नोटीस छत्रीत गुंडाळून आणलेली.

"मॅडम, मी काही केलेलं नाही. पण भरून टाकू. हिला कळलं तर तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात दार ढकलून त्यांच्या पत्नीच आत आल्या. "चार दिवस धड जेवले नाहीत, म्हणून मागोमाग आले. पाकीट मीच फोडलेलं, परत चिकटवलं. मॅडम, ह्यांना मोबाईलवरून फोटो धाडायला शेजारची मुलगी लागते. हे कसले सिनेमा उतरवतायत!"

गुरुजी इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

*

जयगडच्या बंदरावर क्रेन चालवणारा संदेश. मी विचारलं, "वायफाय तुझंच?"

"माझंच. पण पासवर्ड अख्ख्या वाडीला ठाऊक. गणपतीत चाकरमानी आले की दारावर खडूने लिहून ठेवतो!"

मी उत्तर पाठवलं : 'आपला आरोप नक्की कोणावर, ते कळवावे. सोबत वाडीची मतदारयादी जोडली आहे.'

पुन्हा पत्र आलं नाही.

*

पूर्णगडचे हुसेनचाचा मच्छीमार. त्यांच्या नोटिशीत डाऊनलोडची तारीख-वेळ छापलेली. ती मी वाचून दाखवली, तशी चाचांनी कपाळाला हात लावला.

"त्या आठवड्यात वादळाने खांब पडलेले. तीन दिवस गावात लाईट नाय. मॅडम, ह्यो सिनेमा काय कंदिलावर उतरवला?"

हे वाक्य मी उत्तरात जसंच्या तसं घातलं!

*

सगळेच किस्से हसण्यावारी जाणारे नव्हते. सुषमा एका ऑफिसात क्लार्क, नवरा मुंबईला. घाबरून तिने पैसे भरले, कोणाला सांगितलं नाही. महिन्याने दुसरी नोटीस. सिनेमा दुसरा, रक्कम तीच! फोन केला तर वकील म्हणाला, "पहिले भरलेत, म्हणजे सवय कबूलच केलीत."

माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, पेटली होती. आम्ही खंडणीची तक्रार लिहिली आणि पोलीस स्टेशनला गेलो. साहेबांनी विचारलं, "ताई, उद्या मागे तर घेणार नाही ना?"

"पैसे परत दिले तरी नाही!"

पुढे पैसे परत आले. तिने तक्रार मागे घेतली नाही.

*

तक्रार नोंदली गेली तसे वकीलसाहेब मिटवामिटवीला स्वतः रत्नागिरीत उतरले. लॉजच्या हॉलमध्ये उरलेल्या लोकांना बोलावलं. मीही गेले. पुढच्याच खुर्चीत काजूची बाग राखणाऱ्या पार्वतीकाकू, वय सत्तर. मुलाने इंटरनेट त्यांच्या नावावर घेतलेलं.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. "हा पुरावा. ही वेबसाईट. इथूनच तुम्ही सिनेमा उतरवलात."

काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "आणि हितं चढवला कोणी?"

"तो प्रश्न नाही, आजी."

"नाय कसा? चढवल्याशिवाय उतरणार कसा? उतरवणाऱ्याला पंचवीस हजार. मग चढवणाऱ्याला किती?"

वेबसाईटवर चढवणाऱ्याचं नाव असतं. ते वाचायला मी पुढे वाकले, तर साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.